तार तुमची, खिळा आमचा

नलूताई मंगळवारी गेल्या. सकाळी त्यांनी दूध घेतलं, पातेलं गॅसवर ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. दूध उतू गेलं. वर राहणाऱ्या भाडेकरूने दार वाजवलं, मग मला हाक मारली. मी रस्ता ओलांडून गेलो. डॉक्टर आले आणि गेले. हैदराबादला त्यांच्या मुलाला फोन मी केला.

इंदूरच्या सुदामा नगरात आमची घरं समोरासमोर आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवत असे. शेवटच्या वर्षांत वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त असायची. नलूताई, म्हणजे नलिनी ढवळे, वीज खात्यात होत्या. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी तक्रारीच्या खिडकीमागे काढली. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सरजी. दोघं निवृत्त झाल्यावर संध्याकाळी आपापल्या फाटकाशी उभं राहून बोलायची सवय लागली. मधून स्कूटर गेली की वाक्य थांबायचं, स्कूटर गेली की पुढे सुरू व्हायचं.

कुणाला तिकिटं जमवण्याचा नाद असतो, कुणाला झाडांचा. नलूताईंना भांडणांचा नाद होता. स्वतः त्या कधी भांडायच्या नाहीत. दुसऱ्यांची भांडणं ऐकायच्या, आणि एकदा ऐकलेलं भांडण त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं राहायचं, दोन्ही बाजूंच्या आवाजांसकट. गल्लीत दोन आवाज चढले की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या. का ते मला कळत नसे, कारण ऐकायला चष्मा आड येत नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चेहरे दिसले की लक्ष बटतं, सरजी."

खिडकीवरच्या त्यांच्या पद्धतीबद्दल मी त्यांच्या सहकाऱ्यांकडून ऐकलं होतं. लोक बिल नाचवत यायचे आणि जाळीला तोंड लावून ओरडायचे. नलूताई हनुवटीखाली तळहात धरून ऐकत बसायच्या. समोरचा दम घ्यायला थांबला की हळूच विचारायच्या, "और?" माणूस गडबडायचा. त्याने सगळं काढून टाकलेलं असायचं. 'और'ला द्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नसायचं. पुष्कळसे लोक मग मुकाट्याने बिल भरून जात. काही जण मात्र आणखी आठवून सांगत, आणि ते नलूताईंना जास्त आवडत.

भांडणांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. कुकरचं भांडण म्हणजे हळूहळू वाफ धरणारं. पाहुण्यांसमोरचं भांडण म्हणजे हसऱ्या चेहऱ्याने आणि दातांतून. आत्याबाईंचं भांडण म्हणजे एकीशी बोलायचं आणि दुसरीला ऐकवायचं. अबोल्याला त्या भांडण मानत नसत. "ते भांडणाचं मढं आहे," म्हणायच्या. "भांडताय ना, मतलब अजून नातं चालू आहे."

त्यांचं बालपण छत्रीबागेत गेलं. वडील कारकुनी करायला इंदूरला आले आणि एका दुमजली घरात भाड्याने राहिले. एक जिना, एक गच्ची, एक नळ आणि त्यावर पाच-सहा मराठी बिऱ्हाडं. खाली एक माळवी कुटुंब, घरमालकांचं. नलूताईंचं म्हणणं होतं की अशा घरातल्या भांडणाला ठरलेली चाल असते. सुरुवात मराठीत, 'अहो वहिनी' म्हणून. भडका हिंदीत, कारण हिंदीत 'तुम' म्हणता येतं आणि ते 'तुम्ही'पेक्षा टोचतं. आणि शेवट माळवीत, कारण तोवर खालची काकी चहा घेऊन वर आलेली असते.

एकदा संध्याकाळी फाटकाशी त्या म्हणाल्या, "सरजी, छत्रीबागेतलं आमचं घर विकलं त्यांनी. फ्लॅट होताहेत. वाईट नाही वाटलं. घरात संडास खाली होता. पण भांडायला जिना एक लागतो ना, नळ एक लागतो. आता सगळ्यांचं आपापलं. भांडणार कुणाशी? घर पाडताना लोक फोटो काढत होते. भांडणाचा फोटो कोण काढणार?"

मी म्हटलं, लिहा.

बोलायचं म्हणून बोललो होतो. पण आठवड्याभराने त्यांनी मला विचारलं की पुण्यात पुस्तकं छापणारे लोक कुठे बसतात. मी म्हटलं, आधी लिहून काढा, मग पोस्टाने पाठवा, अशी रीत आहे. त्यांना ती रीत पटली नाही. तक्रार लिहून दिली की फायलीत जाते, तोंडावर केली की ऐकावी लागते, हा त्यांचा खिडकीचा अनुभव होता. एक ओळ न लिहिता त्या पुस्तक सांगायला पुण्याला निघाल्या आणि मला बरोबर यायला सांगितलं. मी काही बोलायचं नव्हतं. "तुम्ही फक्त बसा. तुम्ही मराठीचे सर. तुम्ही बाजूला असलात की मी पण शुद्ध बोलते असं वाटेल त्यांना."

ते 'शुद्ध' आम्हाला नडलं.

ज्या प्रकाशनाकडे आम्ही गेलो तिथले संपादक साठीच्या आसपासचे, सावकाश बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. टेबलावर मुद्रितांचा ढीग होता. कोपऱ्यात एक तरुण मुलगी, गौरी तिचं नाव, मान खाली घालून मुद्रितं तपासत होती. नलूताईंनी शेवेचा पुडा टेबलावर ठेवला, पदर नीट केला आणि शुद्ध बोलायला सुरुवात केली.

आता, नलूताईंची शाळा हिंदी. घरातली मराठी बोलण्याची, खाण्यापिण्याची, रागावण्याची. भारदस्त शब्द लागला की त्यांचा हात आपोआप शाळेतल्या कपाटाकडे जायचा, आणि ते कपाट हिंदीचं होतं. त्या शब्दांना वास संस्कृतचा येतो, तेव्हा ते मराठीतही तेच असणार, असं त्यांनी धरलं होतं. आमच्याकडचे पुष्कळ लोक असंच धरतात.

"आम्हा लोकांच्या बोलीवर," त्या म्हणाल्या, "मी एक छोटीशी चेष्टा केली आहे."

त्यांना म्हणायचं होतं, प्रयत्न केला आहे. संपादकांना ऐकू आलं, थट्टा केली आहे. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि ते हसले. मग त्यांनी विचारलं, यामागे काही संशोधन आहे का?

नलूताईंच्या शाळेत संशोधन म्हणजे दुरुस्ती. त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात दोनदा संशोधन केलं. आणखी करायचं असेल तर मला काही आपत्ती नाही."

आपत्ती म्हणजे त्यांच्या हिशेबी हरकत. कोपऱ्यात गौरीचं पेन थांबलं. मी खुर्चीत चुळबुळलो, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. आणि खरं म्हणजे त्या इतक्या डौलात बोलत होत्या की मध्ये तोंड घालणं मला अवघड गेलं. अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शुद्ध बोलण्याच्या नादात त्यांनी एकही भांडण सांगितलं नाही. भांडणांविषयी सांगितलं. समाज, परिवार, संबंध असले शब्द आले. जे ऐकून आमच्या गल्लीतली पोरं सायकल थांबवून उभी राहायची, त्यातलं काहीच त्या खोलीत आलं नाही.

संपादकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठताना हात जोडून म्हणाले, "चेष्टा छान आहे तुमची. लिहून झालं की जरूर कळवा."

नलूताईंचा चेहरा फुलला. मी त्यांच्या मागून बाहेर पडलो.

जिन्यात गौरी मागून आली. नलूताई छत्री विसरल्या होत्या. छत्री देऊन ती तिथेच घुटमळली आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडे खरंच असं तीन भाषांत भांडतात?"

नलूताईंनी छत्री माझ्या हातात दिली. दोन पायऱ्या वर चढल्या. तिथे त्या थोरल्या वहिनी झाल्या. खाली उतरल्या की धाकट्या. सुरुवात धाकटीची.

"वहिनी, तुमची चादर जरा सरकवता का? माझ्या पापडांवर पाणी गळून राहिलंय."

"चादर कशी सरकवू? तार आमची आहे. मामंजींनी आम्हाला बांधून दिलेली."

"तार तुमची, खिळा आमचा."

"कुठला खिळा?"

"भिंतीतला. ह्यांनी ठोकला. तार घेऊन जा की, खिळा सोडा फक्त."

इथे नलूताई वरच्या पायरीवर गेल्या, पदर खोचला आणि आवाज बदलला. "देखो, तुम मुझे कील मत सिखाओ."

"मैं क्यों सिखाऊँ? जिनको माँ ने नहीं सिखाया उनको मैं क्या सिखाऊँ?"

मग त्या मधल्या पायरीवर आल्या, कंबर वाकवली आणि खालच्या माळवी काकी झाल्या. "आवो नी, चा पी लो." एवढंच. आणि चहा पिताना दोघी जावा मिळून त्या काकींच्या चहात साखर किती कमी असते यावर बोलू लागल्या.

गौरी पायरीवर बसली होती. हसून तिचे डोळे ओले झाले होते. वरून कुणीतरी तिला हाक मारली तेव्हा ती उठली आणि नलूताईंचा फोन नंबर लिहून घेतला.

कोपऱ्यावर चहा घेताना मी नलूताईंना चेष्टेचा मराठी अर्थ सांगितला. संशोधनाचा आणि आपत्तीचाही. सांगायला हवंच होतं, घरी जाऊन त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. त्या आधी हसल्या. कप खाली ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथे मी जितकं शुद्ध बोलले तितकं कुणालाच समजलं नाही." मग बराच वेळ त्या समोरच्या पाट्या वाचत बसल्या. उठताना म्हणाल्या, "आमचे हे असते तर त्यांनी तिथेच टोकलं असतं."

नवऱ्याचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ढवळे बँकेत अधिकारी होते, मूळचे पुण्याचे. मी सुदामा नगरात राहायला आलो त्याआधीच ते वारले होते.

पुढच्या थंडीत इंदूरला एका हॉटेलात साहित्याचा मेळा भरला. त्यात एक कार्यक्रम असा होता की नव्या लेखकांनी दिल्लीच्या एजंटांसमोर, म्हणजे लेखकांची पुस्तकं प्रकाशकांकडे नेणाऱ्यांसमोर, बसून आपल्या पुस्तकाची कल्पना थोडक्यात सांगायची. घंटी वाजली की उठायचं. याला पिच म्हणतात. नलूताईंनी नाव नोंदवलं आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं की मी पिचवर उतरणार आहे. भाजीवाल्याने विचारलं, "आंटीजी, बैटिंग या बॉलिंग?" त्या म्हणाल्या, "अंपायरिंग, भिया. झगड़े तो दूसरों के हैं."

या वेळी त्यांनी शुद्ध बोलायचं नाही असं ठरवलं होतं. समोरची एजंट तरुण, चटपटीत, हसरी होती. नलूताईंनी खुर्ची मागे सरकवली आणि उभ्या राहून तार-खिळ्याचं भांडण केलं. शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. एजंट खळखळून हसली. खोटं हसणं नव्हतं ते. मग तिने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "पर आंटी, इसमें आप कहाँ हैं?"

नलूताई म्हणाल्या, "मैं सुन रही हूँ ना."

ती म्हणाली की ऐकणारीवर पुस्तक होत नाही. वाचकांना एका बाईची गोष्ट लागते. दुसऱ्यांची भांडणं मागे राहू द्या, तुमचं स्वतःचं भांडण सांगा. "आपका अपना झगड़ा कौन-सा है?"

मी मागे भिंतीशी उभा होतो. नलूताईंची पाठ मला दिसत होती. आयुष्यभर त्यांनी लोकांना 'और?' विचारलं होतं. त्या दिवशी कुणीतरी त्यांना विचारलं, आणि त्या घंटी वाजेपर्यंत गप्प राहिल्या.

रिक्षात बसल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "मला आंटी म्हणाली तेव्हाच मी समजले, ही नाही घेणार." मग महूनाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा, रस्त्याकडे बघत, त्यांनी मला ते सांगितलं.

ढवळे चांगले होते. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, सणाला साडी विसरले नाहीत. फक्त त्यांना भाषा स्वच्छ लागायची. नलूताईंना राग आला की त्या हिंदीत जायच्या, छत्रीबागेत सगळे जात तशा. ढवळे वर्तमानपत्र खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "आधी मराठीत बोल. मग ऐकतो." त्या मराठी शब्द शोधायच्या. शब्द सापडेपर्यंत राग गेलेला असायचा. राग जायचा, पण ज्यासाठी राग आला ते तिथेच राहायचं. काही वर्षांनी त्यांनी शोधणं सोडलं.

"झगडा काय सांगू तिला, सरजी. मला तर करूच नाही दिला. एकदासुद्धा नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्यांना सगळे म्हणायचे, ढवळ्यांचं घर किती शांत."

रिक्षा सुटली.

उन्हाळ्यात पुण्याहून गौरीचा फोन आला. तिने संपादकांच्या मागे लागून विषय पुन्हा काढला होता आणि ते तयार झाले होते. एक अट होती. मजकूर प्रमाण मराठीत असावा, म्हणजे महाराष्ट्रातल्या वाचकाला अडखळायला होणार नाही. मूळ बोलीतले चार-दोन नमुने शेवटी परिशिष्टात देता येतील. बाईंबरोबर आलेले ते मराठीचे प्राध्यापक हे काम चांगलं करतील, असंही त्यांनी सुचवलं होतं.

अट वाईट नव्हती. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या शिकवण्यात कुणी मला अशी विनंती केली नव्हती. नलूताई म्हणाल्या, एक करून दाखवा, बघू. मी दोन दिवस बसून तार-खिळ्याचं भांडण नीट लिहिलं आणि संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर वाचून दाखवलं. 'वहिनी, आपली चादर थोडी बाजूला घ्याल का? तार आपल्या मालकीची असली, तरी खिळा आमच्या यजमानांनी ठोकलेला आहे, याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो.' असं ते होतं. व्याकरणात चूक नव्हती.

नलूताईंनी चष्मा कपाळावर घेतला नाही. त्यांना माझं मन मोडायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"सरजी," त्या म्हणाल्या, "ह्या भांडत नाहीयेत. ह्या अर्ज करताहेत."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं. दुसरं कुणी पुस्तक मागत नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलं. पूर्ण नाही तर अर्धं तरी छापलं जाईल, नाव राहील, आणि परिशिष्टात का होईना, चार भांडणं खरी राहतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुण्याची तिकिटं काढा.

मी म्हटलं, नाहीच म्हणायचं तर फोन पुरे.

"फोनवर नाही म्हणणं म्हणजे अबोला झाला. त्यांनी तोंडाने हो म्हटलंय. मी तोंडावर नाही म्हणेन."

दुसऱ्या भेटीत शेवेचा पुडा नव्हता. संपादकांनी चांगलं स्वागत केलं, कराराचे कागद काढून ठेवले होते. नलूताई बसल्या नाहीत. सुरुवात त्यांनी 'अहो साहेब' अशी केली. तुमचे उपकार आहेत, तुम्ही मोठे आहात, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या की भांडण धुऊन, इस्त्री करून ठेवलं तर ते भांडण राहत नाही. संपादक समजावू लागले. वाचकाची अडचण, विक्रेत्यांची अडचण, शाळांच्या ग्रंथालयांची अडचण. ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. नलूताईंचा आवाज चढत गेला. हात हलू लागले. आणि मला कळायच्या आत त्या हिंदीत गेल्या.

"आप समझते क्या हो? हमने पूरी ज़िंदगी जिस ज़बान में काटी, वो आपके यहाँ पीछे के पन्ने पर बैठेगी? मेहमान के बच्चों जैसी?"

संपादक दुखावले नव्हते, गोंधळले होते. अगदी मृदूपणे, पाण्याचा पेला पुढे करत ते म्हणाले, "बाई, शांत व्हा. जरा मराठीत बोलता का?"

मी नलूताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या शब्द शोधायला लागतील.

त्या म्हणाल्या, "मी मराठीतच बोलतेय."

संपादकांनी पेला टेबलावर ठेवला.

"ही माझी मराठी आहे. हिच्यात हिंदी आहे, माळवी आहे, सगळं आहे. माझ्या आईने मला हिच्यात जेवू घातलंय. तुम्हाला नसेल पसंत तर नका छापू, त्याचा मला राग नाही. पण आधी मराठीत बोला, असं मला कुणी म्हणायचं नाही. आता नाही."

एवढं बोलून त्या बसल्या. पेल्यातलं पाणी प्यायल्या. संपादकांनी चष्मा काढून पुसला. कोपऱ्यातून गौरी उठली आणि काहीतरी करायला हवं म्हणून असेल, तिने विचारलं, "मावशी, चहा सांगू?"

नलूताईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. गौरीही हसू लागली. संपादकांना काही कळेना, तेव्हा गौरीने त्यांना तार, खिळा आणि खालच्या काकींचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. सांगून झाल्यावर त्यांनी कराराचे कागद बाजूला सरकवले आणि नलूताईंना म्हणाले, "हे आत्ता माझ्याशी जे केलंत, ते लिहिता येईल तुम्हाला? असंच?"

"हे नाही लिहिणार. हे माझं आहे," नलूताई म्हणाल्या. "बाकीची लिहीन."

"लिहा. मग बघतो."

बघतो म्हणजे हो नव्हे, हे मी त्यांना बसमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांना पुस्तकाचं काही पडलं नव्हतं असं मला वाटतं. धुळे येईपर्यंत त्या खिडकीशी बसून गुणगुणत होत्या.

लिहिणं त्यांना सोपं गेलं नाही. गप्प राहून त्यांना लिहिताच येईना. आधी दोन्ही बाजू मोठ्याने भांडायच्या, मग कागदावर उतरायच्या. वर राहणारा भाडेकरू नवा होता. एका दुपारी तो धावत खाली आला. बाई घरात एकट्या आणि आतून दोन बायकांचा कडाक्याचा आवाज. दार उघडून नलूताई पेन कानावर ठेवून उभ्या. "आंटी, सब ठीक है ना?" त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "अभी नहीं. दस मिनट में हो जाएगा."

लिहून झालेली भांडणं मी टाइप करून पाठवायचो. मला एक ताकीद होती, ऱ्हस्वदीर्घ बघायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी नाही लावला. दिवाळीनंतर गौरीचा फोन आला की संपादकांनी वाचलं, आणि होकार दिला. परिशिष्ट नाही, तळटीपा नाहीत. नलूताई ओट्यावर बसल्या होत्या. मी रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि मग आत जाऊन पुन्हा लिहायला बसल्या, कारण निम्मी भांडणं अजून व्हायची होती.

मी त्यांना चालतं-बोलतं शेवटचं पाहिलं ते सोमवारी संध्याकाळी. कोपऱ्यावरच्या दोन घरांतल्या मुलींचं गाडी लावण्यावरून वाजलं होतं. दोघी मराठी घरांतल्या, पण सुरुवातच हिंदीत झाली होती. नलूताई फाटकाशी उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. मी काहीतरी सांगायला पुढे झालो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं. एका मुलीच्या तोंडून मध्येच, रागाच्या भरात, 'अगं पण' असं निसटलं. नलूताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. ऐकलं ना, असा तो चेहरा होता. मग त्या आत गेल्या.

मुलगा येऊन सगळं करून गेला. पुस्तकाला त्याची हरकत नाही. समोरचं घर बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. पुस्तक निघेल, लिहून झालं होतं तेवढंच. राहिलेली भांडणं त्यांनी मला वेळोवेळी सांगितली होती आणि ती मला पाठ आहेत. मी लिहायला बसतो तेव्हा ती माझ्या मराठीत येतात. म्हणून मी ती लिहीत नाही.